‘एनबीए २के’ : समीक्षक खूश, खेळणारे नाखूश का?

प्रश्न : ‘एनबीए २के२४’ या बास्केटबॉलच्या गेमला समीक्षकांनी बरे गुण दिले, पण स्टीम या कॉम्प्युटर गेमच्या ऑनलाइन दुकानात ग्राहकांनी त्याचे पार वाभाडे काढले. माझ्या मुलाला कॉम्प्युटरवर याच मालिकेतील गेम हवा आहे. विश्वास कोणावर ठेवावा?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : दोघांवरही, कारण दोघांनी एकच वस्तू पाहिली नव्हती. सप्टेंबर २०२३ मध्ये आलेल्या या गेमच्या नव्या कन्सोलवरील (टीव्हीला जोडायच्या गेमयंत्रावरील) आवृत्तीत खऱ्या सामन्यांच्या चित्रीकरणावरून खेळाडूंच्या हालचाली उतरवणारे ‘प्रोप्ले’ तंत्र होते आणि समीक्षकांनी प्रामुख्याने तीच तपासली. कॉम्प्युटरच्या वाट्याला मात्र मागील पिढीची आवृत्ती आली. स्टीमवरचा संताप अनाठायी नव्हता. २०२४ च्या ‘२के२५’पासून ही तफावत मिटली आहे.

दुसरी तक्रार जुनी आणि अधिक गंभीर आहे. ‘मायकरिअर’ या एकाच खेळाडूची कारकीर्द घडवण्याच्या विभागात आपला खेळाडू सुरुवातीला कच्चा असतो, त्याचा नेम किंवा वेग वाढवण्यासाठी ‘व्हीसी’ हे आभासी चलन लागते, जे सामने खेळून हळूहळू साठते किंवा खरे पैसे मोजून लगेच मिळते. ‘२के१८’मध्ये तर केशकर्तनालाही व्हीसी मोजावे लागत आणि पैसे देण्यापूर्वी तो कट आपल्या खेळाडूला कसा दिसेल, हे पाहण्याची सोय नव्हती, ओरड झाल्यावर दर उतरवले गेले. ‘२के२०’च्या ‘मायटीम’ या खेळाडूंची आभासी पत्ती जमवून संघ बांधण्याच्या विभागाच्या जाहिरातीत जुगाराची यंत्रे झळकली, ती लहान मुलेही खेळतात अशा गेमसाठी!

समीक्षक याविषयी लिहितात, पण गुण देताना त्यांचे माप मैदानावरच्या खेळाला लागते. बटण दाबून धरावे, पट्टी भरत जावी, नेमक्या क्षणी बोट उचलताच ती हिरवी व्हावी आणि चेंडू जाळीत पडावा, यात ‘२के’ला तोड नाही. मात्र तोड देणाराच उरलेला नाही, हेही खरे. प्रतिस्पर्धी ‘एनबीए एलिट ११’ हा गेम २०१० मध्ये ऐन प्रकाशनाच्या तोंडावर लांबणीवर पडला आणि मग रद्द झाला, ‘एनबीए लाइव्ह’ या दुसऱ्या प्रतिस्पर्धी मालिकेचा वार्षिक गेम २०१८ नंतर आला नाही. माझ्या मते दुखण्याचे मूळ तिथे आहे.

भावंडांनी शेजारी बसून सामने खेळायचे असतील, तर ‘२के२५’ किंवा त्यानंतरचा गेम किंमत उतरल्यावर निर्धास्त घ्यावा. ‘मायकरिअर’चा हट्ट असेल, तर साठवलेले व्हीसी पुढल्या वर्षीच्या गेममध्ये चालत नाही, हे मुलाला आधीच सांगावे आणि कार्डाचा तपशील त्याच्या खात्यात नोंदवून ठेवू नये.