बुद्धिबळात नवशिक्याने डाव कधी सोडावा आणि ब्लंडर (डाव घालवणाऱ्या मोठ्या चुका) कमी कसे करायचे?

सरळ सांगतो, नवीन असाल तर रिझाईन करूच नका, वजीर गेला तरी खेळत राहा, कारण समोरचाही नवीनच असतो आणि त्याला मात करता येईलच असं नाही. आमच्या ठाण्यात सोसायटीच्या क्लबहाऊसमध्ये पोरं खेळतात तिथे हे नेहमी बघतो, काळा राजा एकटा एच८ या घरात, कोपऱ्यात आणि पांढऱ्याने घाईत वजीर जी६ वर नेला की झालं स्टेलमेट (राजाला शह नाही, पण चालायला जागाही नाही, म्हणून डाव बरोबरीत), अख्खा वजीर जास्त असून अर्धा पॉईंट! सोडायचाच असेल तर तेव्हा सोडा जेव्हा मात कशी होणार ते तुम्हाला स्वतःला चाल-चाल दिसतंय आणि समोरच्यालाही येतंय.

ब्लंडरचं म्हणाल तर बहुतेक वेळा समोरच्याच्या शेवटच्या चालीकडे आपण बघतच नाही. त्याने चाल केली की आधी बघा की आता कशावर नजर आहे, मग आपली चाल ठरवा, आणि हात लावायच्या आधी तो कुठून शह देऊ शकतो, काय मारू शकतो एवढं तपासा (स्पर्धेत सोंगटीला हात लावला की तीच चालवावी लागते). लोकलमध्ये वाशी येईपर्यंत ३ मिनिटांचे डाव खेळून हे अंगवळणी पडत नाही हो, १५ मिनिटांचे खेळा. आणि ब्लंडर होतो म्हणून खचू नका, २०२४ च्या जगज्जेतेपदाच्या १४व्या डावात तेव्हाचा जगज्जेता, चीनचा डिंग लिरेन यानेही बरोबरीतल्या स्थितीत चुकून हत्ती एफ२ वर नेला आणि गुकेश जगज्जेता झाला.