आर्किटेक्ट हाय की, मग वर सल्लागार कशाला?

प्रश्न: कोल्हापुरात कसबा बावड्यात आमचा प्लॉट हाय, खाली दुकानं आणि वर चार फ्लॅट भाड्यानं द्यायला काढायचेत. आर्किटेक्ट ठरलाय, पण मेहुणा म्हणतोय आधी क्लायंट ॲडव्हायझर घ्या. डबल फी कशाला द्यायची?

उत्तर: डबल वाटती खरी, पण काम वेगळं असतंय ओ. आर्किटेक्ट डिझाईन करणार, कॉन्ट्रॅक्टर बांधणार आणि हा सल्लागार फक्त तुमच्या बाजूनं बसणार, नकाशा काढायला नाही. ब्रिटनमधल्या आर्किटेक्ट लोकांच्या संस्थेनं, रिबानं, कामाचे ० ते ७ टप्पे पाडलेत, त्यातला शून्य म्हंजे बांधायचंच का, किती, बजेट काय हे ठरवणं, आणि सल्लागाराचा खरा उपयोग तिथंच. तुमच्याकडं तर पहिला प्रश्न पंचगंगेचा, प्लॉट निळ्या पूररेषेत (नदीजवळची हद्द) येतोय का लाल (मोठ्या पुराची हद्द), २०१९ ला पाणी कुठवर आलतं, हे बघून मग दुकानांचं जोतं किती उचलायचं ते ठरवा, टाईल्सचं नंतर बघू. फक्त एक अट घाला, फी तुमच्याकडनंच, कॉन्ट्रॅक्टरकडनं कमिशन घ्यायचं नाही, आणि हे लेखी. मेहुण्याचाच मित्र असला तर नक्कीच लेखी! नुसतं राहतं घर असतं तर मी म्हटलं असतं राहू दे, पण भाड्याच्या कामाला घ्याच.