वाचकांचे प्रश्न : पावसाळ्यात बंद पडणारा रिपीटर

प्रश्न : 2021 च्या पुरात आमच्याकडे मोबाइल बंद पडले, म्हणून महाडजवळच्या डोंगरावर लोरा रिपीटर (मोबाइल नेटवर्कशिवाय छोटे निरोप रेडिओवरून दूरवर पुढे पाठवणारा संच) लावला. ईएसपी32 प्रोसेसरचा बोर्ड, 3000 मिलिअँपिअर-तासाचा लिथियम सेल, 5 वॅटचं सोलर पॅनल. मेमध्ये उत्तम चालला. जुलैत तिसऱ्या दिवशी बंद पडला आणि ऊन पडल्यावरही सुरू झाला नाही. — एक वाचक, रायगड

उत्तर : आधी हिशेब करा. निरोपांसाठी सतत ऐकत बसलेला ईएसपी32 बोर्ड साधारण 100 मिलिअँपिअर खातो, म्हणजे दिवसाला जवळपास 9 वॅट-तास. तुमच्या सेलमध्ये भरतात 11. कोकणातल्या जुलैत पॅनलकडून दिवसाला जेमतेम तासाभराच्या कडक उन्हाइतकीच वीज धरा. नासाडी वजा जाता हातात साडेतीन वॅट-तास. तिसरा दिवस उजाडला हेच नवल!

मोठं पॅनल घेऊ नका, बोर्ड बदला. एनआरएफ52840 प्रोसेसर आणि एसएक्स1262 रेडिओ चिप असलेला बोर्ड साधारण 10 मिलिअँपिअरवर चालतो. तुमचाच सेल अजिबात ऊन नसतानाही दहा-बारा दिवस पुरेल.

पुन्हा सुरू न होण्याचं कारण वेगळं आहे. रिकामा सेल ढगाळ उजेडात हळूहळू चढतो, 3 व्होल्टच्या आसपास बोर्ड अर्धवट जागा होतो, प्रसारणाच्या झटक्यात व्होल्टेज कोसळतं. हे चक्र चालू राहतं, कधी प्रोसेसर मध्येच अडकतो. बॅटरी आणि बोर्ड यांच्यामध्ये कंपॅरेटर (व्होल्टेज तपासणारी चिप) व पी-चॅनल मॉस्फेट (तिच्या इशाऱ्यावर चालणारा इलेक्ट्रॉनिक स्विच) टाका : 3.1 व्होल्टला तोडायचं, 3.6 ला जोडायचं. व्होल्टेज घसरलं की बोर्ड थांबवणाऱ्या साध्या रीसेट चिपमध्ये या दोन बिंदूंतलं अंतर फार कमी असतं, ती इथे पुरत नाही. एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) सेल वापरणार असाल तर हे आकडे बदलतील, आणि टीपी4056 चार्जर त्याला चुकूनही जोडू नका, तो 4.2 व्होल्टपर्यंत नेतो, एलएफपीची मर्यादा 3.65 आहे.

प्रश्न : अँटेना 10 मीटर उंच खांबावर आणि पेटी खाली ठेवली तर दुरुस्ती सोपी जाईल ना?

उत्तर : जाईल, पण लोराच्या 866 मेगाहर्ट्झला अँटेनाची 10 मीटर आरजी-58 केबल सुमारे 5 डेसिबल गिळते, दोन तृतीयांश शक्ती वाटेतच संपते. पेटी वर, अँटेनाला लागून ठेवा आणि खाली फक्त विजेची वायर आणा. ग्लँड (वायर आत नेणारी पाणीबंद तोंडं) पेटीच्या तळाशी हवेत, वायरला आधी खाली झोल द्या. पूर्ण बंद पेटी दिवसा तापते, पावसाची सर आली की आतली हवा थंड होऊन आकसते, आत ओढ बसते आणि पाणी सीलमधून शिरतं. म्हणून हवा सोडणारा, पाणी अडवणारा व्हेंट बसवा. जोडावर स्वतःला चिकटणारी रबर टेप गुंडाळा. आणि अँटेना न जोडता बोर्ड कधीही चालू करू नका.

प्रश्न : मराठीत पाठवलेले लांब निरोप का जात नाहीत?

उत्तर : एका निरोपात साधारण 200 बाइट मावतात. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह 3 बाइट घेतं, काना-मात्रा वेगळ्या मोजून. म्हणजे सुमारे 65 चिन्हं. ‘रस्ता बंद’, ‘डॉक्टर हवा’ अशा निरोपांना आधीच क्रमांक ठरवा, यादी प्रत्येक घरात चिकटवा. शिवाय सगळ्यांनी आपापला संच ‘राउटर’ (इतरांचे निरोप प्राधान्याने पुढे पाठवणारा) करून ठेवला असेल तर तोही दोष आहे. एकमेकांवर आदळून निरोप हरवतात. डोंगरावरचा एकच राउटर, बाकी साधे.