जुन्या राक्षसपटांची टर उडवणारी शॉर्टफिल्म पाच हजारांत होईल का? राक्षसाचा पोशाख कुठून आणू?

होईल. आमची २,३०० रुपयांत झाली होती, त्यातले ९०० वडापाव-चहाचे. पोशाख आणू नका, घरीच करा. गादीवाल्याकडचे स्पंजचे तुकडे, रबर सोल्युशन, वरून हिरवा डिस्टेंपर. वाळला की भेगा पडतात, तेच खवले.

पण चार हजार पोशाखावरच घालणार असाल तर थांबा. आमच्या दिग्दर्शक मित्राचंही असंच. पोशाख, पोशाख, पोशाख. पाठीची चेन मुद्दाम दिसू दे म्हणे, लोक हसतील. मी म्हणत होतो, आपण विनोदी आहोत हे राक्षसाला कळता कामा नये.

मे महिना, मिरजेतली गच्ची, मखराच्या उरलेल्या थर्माकोलचं शहर, स्पंजमध्ये माझा मावसभाऊ. तिसऱ्या टेकला शेजारच्या काकू लाटणं घेऊन फ्रेममध्ये. "ए, कुरडयांवर पाय पडला तर बघ!" पठ्ठ्यानं शेपूट हातात उचललं, साडीच्या काठाकाठानं कुरडया चुकवत गेला आणि पलीकडे जाऊन पुन्हा डरकाळी फोडली. कॅमेरा चालू होता. कच्चं एडिट पाहताना खोलीत सगळे लोळले. मित्रानं तेवढंच कापलं. कारण? कंटिन्युइटी! म्हणजे पुढच्या-मागच्या शॉटशी जुळत नाही म्हणे. कॉलेजात फिल्म दाखवली तेव्हा चेनला एकदा हशा आला, पुढची आठ मिनिटं लोक मोबाइलमध्ये.

मार्व्ह न्यूलंडची १९६९ ची 'बँबी मीट्स गॉडझिला' बघा. बँबी म्हणजे डिस्नेचं हरीण, गॉडझिला म्हणजे जपानी सिनेमातला महाकाय राक्षस. दीड मिनिटाचं कृष्णधवल ॲनिमेशन, बहुतेक वेळ नुसती नामावली, हरीण चरतंय, मग एक पाय. बस्स. शेवटी गॉडझिला मिळवून दिल्याबद्दल टोकियो शहराचे आभार, तेही गंभीरपणे. मेल ब्रूक्सनं 'यंग फ्रँकेन्स्टाइन' या विडंबनासाठी (१९७४) १९३१ च्या मूळ 'फ्रँकेन्स्टाइन'मधली प्रयोगशाळेची यंत्रं वापरली आणि चित्रपट कृष्णधवलच हवा म्हणून स्टुडिओ बदलला. टर उडवायची तर आधी नक्कल मन लावून करा.

हां, राक्षस जड वाटला पाहिजे. १९५४ चा ५० मीटरचा गॉडझिला म्हणजे रबरी सूटमधला माणूस. तो २५ पट मोठा भासवायचा तर हालचाल २५ च्या वर्गमूळाइतकी, म्हणजे पाचपट संथ हवी. मोबाइलवर सेकंदाला १२० फ्रेमनं घ्या, २४ नं दाखवा. आम्ही साध्या स्पीडनं घेतलं, आमचा राक्षस एसटी पकडायला निघाल्यासारखा दिसतो.

स्पंजमध्ये कुणाला दहा मिनिटांच्या वर ठेवू नका, मावसभावाला चक्कर आली होती. मखराच्या थर्माकोलवर आता बंदी आहे, पुठ्ठा चालेल. आणि मी त्यानंतर एकही फिल्म केलेली नाही, तेव्हा काय ते बघा.

काकूंची क्लिप मित्राच्या हार्डडिस्कवर आहे. मागितली की म्हणतो, शोधतो.