काळ्या कोटिंगच्या सुरीला गंज चढतोच, काळजी घे

भावा, पहिली सुरी १०९५ स्टीलची, म्हणजे जास्त कार्बनवाल्या पोलादाची घेतलीस, छान केलंस, पण कोटिंग आहे म्हणून निर्धास्त राहू नको. ते असतं फक्त पात्याच्या अंगावर, धार उघडीच असते, आणि ह्या स्टीलमध्ये गंज रोखणारं क्रोमियम जवळजवळ नसतंच. त्यामुळं कास नाहीतर ठोसेघरच्या पावसात फिरून आलास की गंज आधी धारेवर दिसणार, बारीक तांबूस ठिपके, मग जिथं कोटिंगचा टवका उडालाय तिथं.

पावडर कोटिंग जाड असतं पण लाकूड फोडताना ओरखडे पडतातच, त्याचं वाईट वाटून घेऊ नको. डीएलसी, म्हणजे हिऱ्यासारख्या कठीण कार्बनचं कोटिंग, मायक्रॉनमध्ये मोजायचं इतकं पातळ, तरी घासायला जास्त चिवट. टवक्याच्या कडेनं फुगा आल्यासारखं दिसलं तर मात्र लक्ष दे, आत गंज सरकतोय.

घरी आलास की साध्या साबणानं धू, तारेची घासणी अजिबात लावू नको, फडक्यानं कोरडी कर आणि शिवणमशीनचं तेल अगदी पातळ पुसून घे. खाण्याचं कापत असशील तर फूड ग्रेड मिनरल ऑइल घे. खोबरेल तात्पुरतं चालतं, पण महाबळेश्वरच्या थंडीत थिजतं आणि जुनं झालं की चिकट होतं.

आणि चामड्याच्या म्यानात सुरी ठेवून द्यायची नाही, चामडं ओल धरतं. म्यान वेगळं, सुरी वेगळी. लिंबू, कैरी कापलीस तर तिथल्या तिथं पुसून टाक, आंबट रसानं धारेवर लगेच डाग येतात.