शिरोरेषा, मोदकाचा साचा आणि बुरशी लागलेल्या कॅसेट
ग्रंथालयांतल्या मेकरस्पेसबद्दल वाचकांचे प्रश्न

पुस्तकांच्या जोडीला शिलाई मशीन, थ्रीडी प्रिंटर, लेझर कटर असलेली ‘मेकरस्पेस’, म्हणजे वाचकांनी स्वतः वस्तू बनवायची जागा, चालवणारी सार्वजनिक ग्रंथालयं आता परदेशात नवलाईची राहिलेली नाहीत. शिकागोच्या हॅरल्ड वॉशिंग्टन ग्रंथालयात २०१३ मध्ये मेकर लॅब सुरू झाली. हेलसिंकीत २०१८ मध्ये उघडलेल्या ओडी ग्रंथालयाच्या मधल्या मजल्यावर अशी यंत्रं आहेत. मुलांकडे राहायला गेलेल्या आई-वडिलांपासून इथल्या वाचनालयांच्या कार्यवाहांपर्यंत अनेकांनी या विषयावर पत्रं पाठवली. त्यांतल्या निवडक प्रश्नांना ही उत्तरं.

मुलीकडे न्यू जर्सीत सहा महिने आहे. इथल्या ग्रंथालयात शिलाई मशीन दोन तासांसाठी मिळतं. जुन्या साड्यांची गोधडी त्यावर होईल का? — एक आजी

होईल, पण मोठी गोधडी घेऊन जाऊ नका. घरगुती मशीनच्या सुईपासून उजवीकडच्या खांबापर्यंत साधारण १६ ते २० सेंटिमीटर जागा असते. पूर्ण गोधडीची गुंडाळी त्यात मावत नाही आणि दोन तास ती ढकलण्यातच जातात. बाळाची गोधडी करा. साडेपाच मीटरच्या सुती साडीचे १.१ मीटरचे पाच तुकडे होतात. साडीचा पन्हाही जवळपास तेवढाच असल्याने पाच थरांचा चौकोन कपडा वाया न जाता मिळतो. जरीचा काठ आधी उसवा, तो सुईची धार घालवतो. नायलॉन किंवा जॉर्जेट नको, थर एकमेकांवरून सरकतात.

थर एकमेकांना पक्के धरून ठेवायचं काम घरीच उरका. कपडा इस्त्री करून जमिनीवर ताणून पसरा आणि दर १० सेंटिमीटरवर सेफ्टी पिन लावा. मशीनला ९०/१४ नंबरची सुई लावा, साडी जाड असेल तर १००/१६. टाक्याची लांबी ३ ते ३.५ मिलिमीटर ठेवा. चार सेंटिमीटरवर एक अशा सत्तावीसेक ओळी होतात, म्हणजे तीसेक मीटर शिलाई. त्यासाठी दोन बॉबिन आधीच भरून ठेवा.

हाताने गोधडी घालताना बऱ्याच जणी कडेपासून आत येतात. मशीनवर तसं केलं की मधोमध फुगा येतो. खालचे दाते तळाचा थर पुढे ओढतात, वरचा थर मात्र दाबाच्या पायाखाली मागे रेंगाळतो आणि ही तफावत शेवटी मध्यावर साचते. म्हणून पहिली ओळ मधोमध घाला, नंतर एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. ग्रंथालयाकडे ‘वॉकिंग फूट’ आहे का, हे विचारा. तो वरचा थरही दातांच्या चालीने पुढे नेतो, आणि बहुतेक वेळा कपाटात पडून असतो, कारण कोणी मागतच नाही. पिनवरून मशीन चालवू नका. सुई मोडते, आणि तिचा तुकडा आत गेला तर मशीन दुरुस्तीला जातं.

कार्डाचं म्हणाल तर पत्त्याचा पुरावा लागतो. बऱ्याच ठिकाणी मुलीच्या कार्डावर वेळ राखता येते, पण यंत्र वापरण्याआधीची ओळखतासिका वापरणाऱ्यालाच करावी लागते. ती आधी उरका.

लेझर कटरवर प्लायमध्ये आडनावाची पाटी कापली. अक्षरं सुटी होऊन जाळीत पडली. फाइल संगणकावर तर व्यवस्थित दिसत होती. — एक वाचक, टोरांटो

देवनागरी कापणाऱ्या जवळपास प्रत्येकाची पहिली पाटी अशीच पडते. पडद्यावर शिरोरेषा सलग दिसते, पण फॉन्टमध्ये ती प्रत्येक अक्षराच्या डोक्यावरचा वेगळा तुकडा असते. शेजारचे तुकडे थोडे एकमेकांवर चढलेले असतात. लेझरला रंग भरलेलं अक्षर कळत नाही, फक्त बाह्यरेषा कळते. त्यामुळे जिथे दोन तुकडे एकमेकांवर येतात तिथेही ते कापत जातं.

उपाय इंकस्केप या रेखाटनाच्या सॉफ्टवेअरमध्येच आहे. मजकूर निवडून आधी ‘ऑब्जेक्ट टू पाथ’ करा (अक्षरांच्या नुसत्या रेषा होतात), मग गट सोडवा, मग सगळं निवडून ‘युनियन’ करा (तुकडे एकसंध होतात). त्यानंतर ‘आउटलाइन’ दृश्यात बघा. शिरोरेषेच्या आत एकही आडवी-उभी रेघ उरायला नको. ‘ऑब्जेक्ट टू पाथ’ तुमच्याच संगणकावर करून न्या. ग्रंथालयाच्या संगणकावर तुमचा फॉन्ट नसला की वेलांट्या आणि जोडाक्षरं विस्कटतात. डीटीपीवाल्याकडून आणलेली जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टची फाइल तर इंग्रजी अक्षरांची खिचडी होऊनच उघडते. ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाचे आहेत का, तेही याच वेळी बघा, कारण बऱ्याच फॉन्टमध्ये मूळ रूप हिंदी वळणाचं असतं.

शिरोरेषा एकदा सांधली की देवनागरीसारखी सोयीची लिपी नाही. सगळं नाव एका दांडीला लटकतं. रोमन अक्षरांना त्यासाठी खाली वेगळी पट्टी द्यावी लागते. मात्र अनुस्वार, चंद्रबिंदू, ‘ङ’चा ठिपका असे भाग सुटे पडतात. त्यांना दोन मिलिमीटर रुंदीचा पूल काढून शिरोरेषेला किंवा मात्रेला जोडा. तीन मिलिमीटर जाडीच्या प्लायमध्ये अक्षराची कुठलीही रेघ तीन मिलिमीटरपेक्षा बारीक ठेवू नका. उकाराची शेपटी पहिली मोडते.

रांगोळीच्या छापासाठी किंवा भिंतीवर रंगवायला स्टेन्सिल करत असाल तर गणित उलटं होतं. तिथे अक्षर म्हणजे भोक. त्यामुळे व, ब, क, प, म, ष यांच्या पोटातली बंद जागा गळून पडते. प्रत्येक पोटाला निदान दोन पूल द्या, एका पुलावर तो तुकडा डुगडुगतो.

आता सामान. प्लायवर ३ मिलिमीटर लिहिलं असलं तरी प्रत्यक्षात तो २.७ ते ३.२ भरतो, म्हणून व्हर्नियरने मोजा. लेझर स्वतः ०.१ ते ०.२ मिलिमीटर लाकूड जाळून नेतं. आकाशकंदिलासारख्या एकमेकांत बसणाऱ्या खाचा असतील तर आधी एका पट्टीवर २.७ पासून ३.१ पर्यंत पाच खाचा कापून पाहा आणि जी घट्ट बसेल ती घ्या. वरच्या बाजूला कागदी मास्किंग टेप लावली की धुराचे डाग पडत नाहीत. भारतातून प्लाय नेण्याच्या भानगडीत पडू नका. बाहेरच्या वापराच्या प्लायचा डिंक लेझरला दाद देत नाही, आणि मधल्या थरातल्या भोकांत लांबी (पुट्टी) भरलेली असेल तर तिथे काप अडतो.

दोन गोष्टी मात्र कधीच नेऊ नका : सनबोर्ड आणि रेक्झिन. आपल्याकडे पाट्यांसाठी वापरला जाणारा सनबोर्ड सहसा फुगवलेला पीव्हीसी असतो. पीव्हीसी जळला की हायड्रोजन क्लोराइड वायू सुटतो. तो फुप्फुसांना घातक, आणि ओलाव्याशी मिळून आम्ल होऊन यंत्राचे रूळ व आरसे खातो. ‘हे कुठलं प्लास्टिक?’ या प्रश्नाला तुमच्याकडे उत्तर नसेल तर कर्मचारी नाही म्हणतील, आणि ते बरोबरच आहे.

ग्रंथालयाच्या थ्रीडी प्रिंटरवर मोदकाचा साचा छापून उकडीचे मोदक करता येतील का? — एक वाचक, कोथरूड (सध्या सिएटल)

साचा छापता येईल. उकडीसाठी वापरू नका. ग्रंथालयात बहुधा पीएलए हे प्लास्टिक असतं आणि ते ५५ ते ६० अंशांना मऊ पडतं. हाताला चटका देणारी उकड त्यात दाबली की साचा वाकतो. दुसरं, छपाईच्या थरांमधल्या बारीक खाचांत पीठ अडकतं आणि गरम पाण्याने तो धुताही येत नाही.

खव्याच्या किंवा चॉकलेटच्या मोदकांसाठी एक चांगला आडमार्ग आहे. साच्याऐवजी अख्खा मोदकच छापा आणि त्यावरून अन्नयोग्य प्लॅटिनम सिलिकॉनचा साचा ओता. पाच सेंटिमीटर उंचीचा मोदक ०.१२ मिलिमीटर थराने, १५ टक्के भरणीने (आतला बाकी भाग पोकळ) छापला तर साधारण दोन-तीन तास लागतात. तो सपाट बुडावर उभा छापा, म्हणजे कळ्यांच्या रेघा स्वच्छ येतात आणि आधार लागत नाहीत. बारीक पॉलिश पेपर मारा, नाहीतर थरांची प्रत्येक रेघ सिलिकॉनमध्ये उतरते आणि तिथून खव्यावर. मोदक सात सेंटिमीटर व्यासाच्या आणि तेवढ्याच उंचीच्या कपाच्या तळाशी चिकटवा. सिलिकॉन सुमारे अडीचशे ग्रॅम लागेल. दोन भाग पाकिटावरच्या प्रमाणात मोजून मिसळा, उंचावरून बारीक धारेने ओता आणि रात्रभर ठेवा. लेटेक्सचे हातमोजे घालू नका, आणि मोदक रेझिनच्या, म्हणजे द्रव प्लास्टिक घट्ट करत छापणाऱ्या प्रिंटरवर छापलेला नको. दोन्हींमुळे सिलिकॉन चिकट राहतं, घट्ट होतच नाही.

फाइल नेताना एक तपासा. थ्रीडी छपाईसाठी वापरतात त्या एसटीएल फाइलमध्ये मापाचं एकक नसतं. इंचात काढलेला मोदक प्रिंटर मिलिमीटर समजून २५.४ पट लहान, म्हणजे मोहरीएवढा छापायला घेतो. आणि उकडीच्या मोदकांचं म्हणाल, तर मंडईतला दोन पाकळ्यांचा साचा या सगळ्या खटाटोपापेक्षा स्वस्त पडतो.

नऊ वर्षांच्या मुलाला मेकरस्पेसमध्ये सोडून खरेदीला गेलं तर चालेल का?

नाही. वयाची अट प्रत्येक ग्रंथालयाची वेगळी असते, पण सोल्डरिंग आणि लेझरजवळ एवढ्या लहान मुलासोबत मोठं माणूस हवंच.

लग्नाची व्हीएचएस टेप (पुणे, १९९१) अमेरिकेतल्या ग्रंथालयात डिजिटल करायला नेली. चित्र काळं-पांढरं आणि सतत वर सरकणारं. टेप खराब झाली का? — एक वाचक, टेक्सास

बहुधा टेप ठणठणीत आहे. भारतातली टेप पाल पद्धतीची, ६२५ रेषा आणि सेकंदाला २५ चित्रं. अमेरिकेतला व्हीसीआर एनटीएससी पद्धतीचा, ५२५ रेषा आणि सुमारे ३० चित्रं. तुम्ही सांगितलेली दोन्ही लक्षणं याच तफावतीची. ‘बहुपद्धती’ व्हीसीआर आहे का ते विचारा. नसेल तर टेप भारतात किंवा युरोपात करून घ्या, तिथलं नेहमीचं यंत्र चालतं. गाण्यांच्या किंवा घरच्या आवाजाच्या कॅसेटला ही अडचण नाही, ती कुठेही वाजते.

यंत्रात घालण्याआधी टेपच्या खिडकीतून टॉर्च मारा. रिळाच्या कडेला पांढरट भुकटी दिसली तर ती बुरशी आहे. मुंबई-कोकणातल्या कपाटांतल्या टेपना ती हमखास असते. अशी टेप लावू नका. तुमची फीत फाटू शकते, आणि यंत्राच्या डोक्याला (हेडला) लागलेली बुरशी पुढच्या माणसाच्या टेपवर जाते. बुरशीची टेप स्वतंत्रपणे साफ करून घ्यावी लागते.

स्वच्छ टेप आधी एकदा शेवटपर्यंत पुढे नेऊन परत गुंडाळा, वर्षानुवर्षं चिकटून राहिलेले वेढे मोकळे होतात. नोंदणी खऱ्या वेळेतच होते. तीन तासांची टेप म्हणजे तीन तास, वर मांडामांडीचा अर्धा तास. पेन ड्राइव्ह ‘एक्सफॅट’ पद्धतीने फॉरमॅट करून न्या. जुन्या फॅट-३२ वर चार जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही आणि सप्तपदीच्या मध्येच नोंदणी थांबते. कॅसेटच्या आवाजासाठी ४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिट, डब्ल्यूएव्ही निवडा. तासाला सुमारे ६०० एमबी लागतात. एमपी-थ्री नंतर कधीही बनवता येते, उलटा प्रवास होत नाही.

आमचं ‘क’ वर्गाचं वाचनालय आहे. दहा बाय बाराची एक खोली रिकामी आहे. थ्रीडी प्रिंटर घ्यावा का? — कार्यवाह, सातारा जिल्हा

सुरुवात प्रिंटरने करू नका. एक प्रिंटर चार तास एकाच माणसाचं काम करतो आणि बाकीचे नुसते बघत बसतात. तेवढ्या वेळात एका मोठ्या टेबलावर आठ जणांचं काम होतं. आधी दोन शिलाई मशीन, तापमान ठरवता येणारे दोन सोल्डरिंग स्टेशन, कापायच्या मॅट, पोलादी पट्ट्या, व्हर्नियर, हातातलं ड्रिल आणि ग्लू गन घ्या. सोल्डरिंगच्या टेबलाशेजारी खिडकीत एक्झॉस्ट पंखा हवाच. खोली पुस्तकांच्या कपाटांना लागून असेल तर मधलं दार बंद राहील असं बघा.

प्रिंटर पुढे घेतलात तर दोन शत्रू ठाऊक असू द्या. पहिला पावसाळा. फिलामेंट, म्हणजे प्रिंटरला लागणारी प्लास्टिकची तार, हवेतलं पाणी ओढून घेतं, मग छापताना तडतडतं आणि वस्तूवर कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे येतात. रीळ घट्ट झाकणाच्या डाळीच्या डब्यात सिलिका जेलसोबत ठेवा. ओलं झालंच तर ४५ ते ५० अंशांवर चार-सहा तास वाळवा. दुसरा शत्रू म्हणजे गेलेली वीज. ‘जिथे थांबलं तिथून पुढे’ ही सोय बहुतेक यंत्रांत असते, पण तेवढ्यात वस्तू ज्यावर छापली जाते तो गरम तळपाट थंड होऊन वस्तू सुटलेली असते. पीएलए छापताना प्रिंटर सरासरी शंभर-सव्वाशे वॅट ओढतो. १५० अँपिअर-तासाची बॅटरी आणि शुद्ध साइन वेव्हचा इन्व्हर्टर असेल तर सात-आठ तास निभावतात.

खोलीला स्वतंत्र सर्किट आणि ३० मिलिअँपिअरचा ईएलसीबी (वीजगळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच) बसवून घ्या. कार्बन डायऑक्साइडचं अग्निशामक नळकांडं ठेवा, भुकटीचं एकदा मारलं की यंत्रं साफ करता करता नाकी नऊ येतात. ठरवण्याआधी पुणे जिल्ह्यातल्या पाबळच्या विज्ञान आश्रमाला भेट द्या. तिथे २००२ पासून फॅब लॅब, म्हणजे अशाच यंत्रांची कार्यशाळा, आहे, आणि गावातल्या विजेवर, गावातल्या मुलांच्या हातून यंत्रं कशी चालतात ते तिथे प्रत्यक्ष दिसेल. जाताना तुमच्या खोलीचं माप आणि वीजमीटरचा मंजूर भार लिहून न्या.