काकडी चिरण्याआधी चाखून बघ

पोरी, तू पहिल्यांदाच जळगावचा उन्हाळा काढणार आहेस, म्हणून सांगते. मे महिन्यात इथं पारा ४५ च्या आसपास जातो. तेव्हा घरात काकडी हवीच. तिच्यात जवळजवळ ९५ टक्के पाणी असतं आणि १०० ग्रॅमला जेमतेम १५ कॅलरी. शेवभाजीचा तिखट रस्सा नि कळण्याची भाकरी असली की शेजारी काकडी ठेवायचीच, तोंडाची आग शमते. पण नुसती काकडी खाऊन ऊन बाधत नाही असं समजू नकोस. पाणी, ताक प्यायलाच हवं.

बाजारातून आणताना हाताला कडक लागणारी, सडपातळ घे. फुगीर, पिवळसर निघाली की आत जून बिया. कोवळी असेल तर साल काढू नकोस, के जीवनसत्त्व सालीतच जास्त असतं. फक्त नीट धू.

देठाकडची चकती आधी चाख. कडवटपणा तिकडेच जास्त असतो. फारच कडू लागली तर सरळ टाकून दे, साखर-दही घालून खपवू नकोस. त्या कडूपणानं पोट बिघडतं.

कोशिंबिरीचं मात्र नीट ऐक. काकडी बारीक चोच, दाण्याचं कूट, मिरची, कोथिंबीर घाल, वरून जिरं-हिंगाची फोडणी दे. मीठ अगदी पानावर वाढताना. आधी घातलंस की पाणी सुटून सगळं पातळ होतं.

किसलेल्या काकडीला सुटलेलं पाणी ओतू नकोस हं, त्यातच थालीपिठाचं पीठ भिजव. मऊ होतात.